गरज क्रमांक एकतीस

सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी ताईचा हात हवेत गेला आणि रिकामाच परत आला. एवढंच झालं. डायलिसिसच्या त्या लांबट खोलीत तेव्हा अकरा माणसं होती आणि दहाजणांना त्यात काही दिसलं नाही, दिसायचं कारणही नव्हतं. वजनकाट्यापाशी ती उभी होती, पाठमोरी, चार पेशंटांच्या घोळक्यात. बोलता बोलता तिचा उजवा हात डावीकडे गेला, जिथं काल संध्याकाळपर्यंत सात कप्प्यांची लोखंडी ट्रॉली उभी असायची तिथं. तिथं आता नुसती फरशी होती आणि चाकांचे चार काळे डाग. हात ट्रॉलीच्या उंचीवर थांबला, मनगट एकदा उलटं झालं, पालथं, आणि हात खाली आला. ताईनं तो एप्रनला पुसला आणि ती पुढं बोलत राहिली. काचेपलीकडं नव्या स्क्रीनसमोर बसलेल्या तिच्या धाकट्या भावाला मात्र ते दिसलं. ते मनगट त्यानं पाहिलेलं होतं. ताईचं नव्हे. आईचं.

त्याला घरात मुंगळा म्हणत. लहानपणी ज्याला चिकटेल त्याला चिकटून राही म्हणून. आता तो सेहेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावर विरळ झालेला होता, पण ताईच्या तोंडी अजून मुंगळ्याच होता. चोवीस वर्षं त्यानं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. शिशाच्या खिळ्यांपासून सुरुवात केली ती पार छापखाना बंद पडेपर्यंत. उलटं पडलेलं अक्षर तो हातभर अंतरावरून ओळखायचा. डोळ्याच्या आधी बोट पोचायचं. छापखान्याच्या दाराला कुलूप लागलं तेव्हा अशा बोटांचं जगात कुणाला काय पडलंय, हे त्याला आठवडाभरात कळलं. मग ताईनंच वर्तमानपत्रातलं कात्रण समोर टाकलं: सिस्टिम ॲनालिस्ट व्हा, एक वर्षाचा अभ्यासक्रम, वयाची अट नाही. "चुका काढायचीच कामं असतात म्हणे तिथं," ती म्हणाली, "तुला जमेल. घरी बसून माझ्या स्वैपाकात काढतोस त्या तिथं काढ." तो गेला. वर्गात सगळी वीस-बावीसची मुलं, त्याला काका म्हणणारी. आणि फळ्यावर चौकोन, बाण, चौकोन, बाण. माणूस म्हणजे एक काडीचं चित्र, हातपाय चार रेघांचे, तोंडाला तोंड नाही. त्या काडीखाली लिहायचं: नर्स. त्या काडीखाली लिहायचं: पेशंट. पहिल्या महिन्यात त्याला या धंद्याची किळस आली होती. माणसं जगतात ते असं चौकोनात कोंबून ज्यांना विकायचं त्यांना विकणारी ही जात, आणि आपण हिच्यात शिरायला रांगेत उभे. पण मग त्याला गोडी लागली. खोटं कशाला बोला, चांगलीच लागली. शिकवणाऱ्या मॅडम तोंडाच्या फाटक्या होत्या, पण माणूस खरा होता. त्या म्हणायच्या, "साहेबाला विचाराल तर साहेब नियम सांगेल. तुम्ही हात बघा. जो हात काम करतो त्याच्याशेजारी तीन दिवस गुपचूप उभे राहा. आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा: अजून काही? तो विचारून तोंड बंद ठेवायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. माणसाला शांतता सोसत नाही. सातव्या-आठव्या आकड्याला तो खरं बोलतो."

प्रकल्पासाठी त्यानं ताईचा विभाग घेतला. ओळखीचा, आणि ताई तिथली मोठी सिस्टर. सात खुर्च्या, सात मशिनं, सकाळच्या पाळीला सात पेशंट, तेच ते, आठवड्यातून तीनदा. यायचं, वजन करायचं, दंडात दोन सुया, अंगातलं रक्त नळीतून मशिनमध्ये आणि धुऊन परत, चार तास. वजनावरून ठरतं आज किती पाणी काढायचं. जास्त निघालं किंवा भराभर निघालं की रक्तदाब ढासळतो, शेवटच्या दीड तासात बहुतेक, आणि ढासळतो तेव्हा सांगून ढासळत नाही. चार महिन्यांपूर्वी तीन दिवस तो इथं स्टुलावर बसला होता, मांडीवर वही. ताईला त्यानं सगळं विचारलं. वजन झाल्यावर तू काय करतेस? फाइल ट्रॉलीत ठेवते. त्यानं लिहिलं: फाइल ट्रॉलीत ठेवली जाते. मग? मग सुया. अजून काही? ताई हसली होती. "अजून काय, तुझं डोंबल." त्यानं दहापर्यंत मोजलं. ती पंधरापर्यंत गप्प राहिली, कारण तिला सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं. यादी तयार झाली, अठ्ठेचाळीस गरजा, प्रत्येकीला क्रमांक. नव्या रचनेत फाइल स्क्रीनवर आली, म्हणून ट्रॉली गेली. स्क्रीनवर सातही खुर्च्यांचे आकडे एका जागी दिसू लागले, म्हणून सिस्टर लोकांच्या फेऱ्याही कमी झाल्या. मॅडमनी त्याची यादी वर्गापुढं वाचून दाखवली. ज्या कंपनीनं हे सॉफ्टवेअर बांधलं तिच्या साहेबानं यादी पाहून विचारलं होतं, हा माणूस कोण? आज पहिली पाळी खऱ्या पेशंटांवर चालायची, अकरा वाजता मॅडम सही करायला येणार, आणि सही झाली की सोमवारपासून मुंगळा त्या कंपनीत नोकरीला. सेहेचाळिसाव्या वर्षी. टेबल, खुर्ची, गळ्यात पट्टा.

आणि आता हे मनगट. आईचं मनगट असं पालथं व्हायचं ते दारातल्या पायपुसण्यापाशी. वडिलांचं डोकं फिरलेलं असलं की ती खाली वाकायची, पायपुसण्याचं एक टोक धरायची आणि मनगट फिरवून ते उलटं टाकायची, खरबरीत पाठ वर. शाळेतून येणाऱ्या पोरांनी ते पाहायचं आणि चपला हातात घेऊन मागच्या खोलीत जायचं, आवाज न करता. याबद्दल घरात कधी कुणी शब्द काढला नव्हता. आईनं ताईला सांगितलं नव्हतं, ताईनं त्याला सांगितलं नव्हतं. पायपुसणं उलटं म्हणजे श्वाससुद्धा दबकत घ्यायचा, बस्स. एवढी चोख यंत्रणा त्यानं पुढं कुठल्या पुस्तकात पाहिली नाही. एक चिन्ह, एक अर्थ, वापरणारे तीन, चुकीला जागा नाही. चुकीला जागा नाही, असं तो मनात म्हणाला आणि त्याच्या कानशिलावर घाम आला. कारण त्याच क्षणी त्याला ट्रॉली आठवली होती. चार महिन्यांपूर्वीची, दुसऱ्या दिवसाची. सात कप्पे, सात फाइली, सहांच्या नावाच्या पट्ट्या वर आणि एकीची खाली. नाव उलटं. छापखान्यातल्या बोटांना ते सोसेना. ताई सुया टोचण्यात गुंतली होती. त्यानं उठून ती फाइल काढली, सरळ केली, परत ठेवली, आणि स्टुलावर बसून वहीत लिहिलं: फाइली ठेवण्यात एकवाक्यता नाही, शिस्त आणावी. फाइलीवरचं नाव पेशंटांतल्या एका शिंप्याचं होतं.

त्या दिवशी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सात नंबरच्या खुर्चीत शिंप्याचे डोळे वर गेले होते. मशिन किंचाळलं, ताई धावली, डॉक्टर धावले, कुणीतरी छातीवर दाब देत होतं, फरशीवर सलाईनच्या बाटलीची काच. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि लिहीत होता. देवाशपथ, लिहीत होता. माणूस वाचला. पण मेंदूला जे काही अडीच-तीन मिनिटं मिळायचं राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि उजवा हात मनगटापासून लुळा पडला. सुईत दोरा ओवणारा हात. त्या लिहिलेल्यातून पुढं यादीतली सर्वांत गाजलेली ओळ निघाली, गरज क्रमांक एकतीस: रक्तदाब ठरावीक आकड्याखाली गेल्यास स्क्रीनवर लाल खूण दिसावी व घंटा वाजावी. मॅडम म्हणाल्या होत्या, "बघा, याला म्हणतात निरीक्षण. घडलेल्या प्रसंगातून गरज ओळखली." वर्गातल्या पोरांनी काकांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

तो स्क्रीनसमोरून उठला आणि परत बसला. शिंप्याचं पुढचं पुढं. आत्ता, आज सात बावीसला ते मनगट पालथं झालं ते कुणासाठी? काट्याभोवती चौघं होते: शिंपी, वाचनालयात काम करणारी बाई, एक लठ्ठ कंत्राटदार आणि एक म्हातारे मास्तर. काट्यावर त्या क्षणी कोण होतं ते त्यानं पाहिलं नव्हतं, त्यानं फक्त हात पाहिला होता. सिस्टिमला विचारू, तिला सगळं ठाऊक असतं. त्यानं नोंदी उघडल्या. चौघांचीही वजनं सात एकतीसला. चौघांचीही! ताईच्या हाताखालच्या धाकट्या सिस्टरनं आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर घेतले होते आणि सावकाश बसून एकदम टाइप केले होते. वजन कधी घेतलं ते सिस्टिमला ठाऊक नव्हतं, कधी टाइप केलं तेवढंच ठाऊक होतं. आणि ही तफावत त्याच्या अठ्ठेचाळीस गरजांत कुठं बसलेली नव्हती. त्याला हसू आलं, तसलं, जे तोंडावर येत नाही. साल्या, तू चौकोन काढलास आणि बाण काढलास आणि चौकोनातून माणूस निसटून गेला.

आठ वाजता सातही मशिनं सुरू होती. स्क्रीनवर सात हिरव्या पट्ट्या. दाब दर अर्ध्या तासानं मोजला जायचा आणि आकडा आपोआप इथं यायचा. सगळं कसं झकास. धाकटी सिस्टर खुर्चीत रेलून म्हणाली, "तुमच्या कृपेनं पाय दुखायचे थांबले बघा. आधी नुसत्या फेऱ्या, नुसत्या फेऱ्या." तो म्हणाला, "आज मारा फेऱ्या." ती म्हणाली, "कशाला? हिरवं आहे की." काय सांगणार? मोठ्या सिस्टरचं मनगट फिरलं म्हणून? ती डॉक्टरांना सांगेल, डॉक्टर कंपनीला सांगतील, आणि पहिल्याच दिवशी ज्यानं यादी केली तोच यादीला भ्याला, असं होईल. गळ्यातला पट्टा त्याला दिसत होता, निळा, त्यावर आपला फोटो. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही पट्टा दिसायचा थांबला नाही. माणूस असाच असतो. काडीच्या चित्रात हे दाखवायची सोय नाही.

शेवटी तो शिंप्यापाशी जाऊन उभा राहिला. एकदा ज्याला झालं त्यालाच पुन्हा होणार, असा त्याचा हिशोब. शिंपी खुर्चीत पाय पसरून पडला होता, डाव्या दंडाला नळ्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. "काय हो, माझं माप घेताय का?" तो म्हणाला. "घ्या घ्या. छाती वाढलीय, पोट वाढलंय. कापड जास्त लागेल." मुंगळा म्हणाला, "बरं वाटतंय ना?" शिंपी म्हणाला, "पाचव्यांदा विचारलंत. मला काही झालं तर आधी तुम्हाला कळवीन, तुमच्या त्या टीव्हीला नंतर." कंत्राटदार पलीकडून खो खो हसला. मुंगळा त्या उजव्या हाताकडं पाहत नव्हता आणि त्याला तो हातच दिसत होता. बोटांची नखं वाढलेली होती. कोण कापत असेल? बायको? एका हातानं दुसऱ्या हाताची नखं कापता येतात, पण डाव्यानं? त्यानं स्वतःच्या डाव्या हाताकडं पाहिलं, मग उजव्या तर्जनीकडं. याच बोटानं. इतकं सोपं असतं ते. ना राग, ना हेवा, ना दुष्टावा. नुसती नीटनेटकेपणाची खोड. जगात जेवढी वाट लागते तेवढी दुष्ट माणसं लावत असती तर बरं झालं असतं, त्यांना फटकावता तरी आलं असतं. वाट लावतात ती सरळ करणारी माणसं, उलटं दिसलं की ज्यांच्या बोटाला खाज सुटते ती.

आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. ते आज ना उद्या वर येणारच होतं, आलं. तो सहा वर्षांचा होता, ताई अकराची. दुपारी तो आधी घरी आला. पायपुसणं उलटं पडलेलं. आई आत, वडील आत, घरात ती घट्ट शांतता. त्याला अर्थ ठाऊक होता, ठाऊक असूनही त्यानं वाकून टोक धरलं आणि पायपुसणं सरळ केलं. का? चाळीस वर्षांत त्याला कारण सापडलेलं नाही. उलटं होतं म्हणून. किंवा सरळ केलं की आतलंही सरळ होईल, असं पोराच्या डोक्यात आलं असेल. तो चपला हातात घेऊन मागच्या खोलीत गेला. पाच मिनिटांनी ताई आली. तिला शाळेत गाण्यात निवडलं होतं. तिनं पायपुसणं पाहिलं, सरळ. आणि ती दारातूनच मोठ्यानं गात आत शिरली. वडिलांचा हात तिच्या डाव्या कानावर पडला तो आवाज त्याला मागच्या खोलीत ऐकू आला. त्या कानानं तिला पुढं कधी धड ऐकू आलं नाही. आजही कुणी बोलायला लागलं की ती मान वळवून उजवा कान पुढं करते, आणि नवे पेशंट समजतात की बाई फार मन लावून ऐकतात. संध्याकाळी ताई आईला म्हणाली, "तू उलटं टाकलं नाहीस." आईनं पायपुसण्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, एक श्वासभर. आणि म्हणाली, "विसरले गं." ताईनं तिला ते कधी माफ केलं नाही. भांडली नाही, तोडलं नाही, औषधपाणी सगळं केलं, शेवटपर्यंत. पण आईनं काही सांगितलं की ती एकदा स्वतः जाऊन खात्री करायची. गॅस बंद केला का, दार लावलं का. "तू विसरशील," म्हणायची. आई हसायची. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

दहा वाजता सातही पट्ट्या हिरव्या. वाचनालयातल्या बाईचा दाब एकशे अठरा, शिंप्याचा एकशे तीस. पुढचं मोजमाप साडेदहाला. तो ताईपाशी गेला. ती औषधांच्या कपाटापुढं उभी राहून मोजदाद करत होती. "ताई, सकाळी वजन घेताना तू हात कुणासाठी फिरवलास?"

"काय फिरवला?"

"हात. ट्रॉलीकडं. असा."

तिनं त्याच्या मनगटाकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं. "सकाळी काही खाल्लंयस का तू?"

"ताई, आठव ना."

"काय आठवू? हात आहे, फिरतो. मुंगळ्या, तुझी परीक्षा आहे तर तू घाबर, मला कशाला घाबरवतोस? सरक, मोजायचं चुकेल माझं."

तिला खरंच ठाऊक नव्हतं. त्याला मॅडमचं वाक्य आठवलं: तुम्ही हात बघा. तोंडाला विचारून चार महिन्यांपूर्वी जे मिळालं नव्हतं ते आजही मिळणार नव्हतं. हाताला विचारायला हवं होतं, हाताच्याच भाषेत. तो पळत बाहेरच्या बोळात गेला. ट्रॉली तिथं भंगाराच्या चिठ्ठीसकट भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि शेजारी खोक्यात फाइलींचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. सुतळीची गाठ सुटेना. त्यानं दातांनी तोडली. सकाळच्या पाळीच्या सात फाइली घेऊन तो परत आला, ताईच्या टेबलापाशी, आणि म्हणाला, "या एवढ्या ओळीनं मांडून दे. मॅडमना दाखवायच्यात." एकेक करून तो तिच्या हातात देऊ लागला. आवाज त्यानं साधा ठेवला.

"आता या कशाला? आत्ता तर बांधून ठेवल्या," ताई म्हणाली आणि पहिली मांडली, पट्टी वर. "तुमचं हे असंच. आधी बांधा, मग सोडा." दुसरी, कंत्राटदाराची, पट्टी वर. "आणि बुटाची नाडी बांध, पडशील कुठंतरी." मास्तरांची, वर. शिंप्याची, वर. शिंप्याची वर! "घरी गेल्यावर आधी भात खा, सकाळचा झाकून ठेवलाय." तिचा हात पाचव्या फाइलीला आला. मनगट पालथं झालं, फाइल टेबलावर आली, आणि नाव उलटं पडलं. "आणि त्या मॅडमना म्हणावं," ताई बोलतच होती, "तुमचं ते मशिन बरं आहे, पण त्याचा उजेड डोळ्यांवर येतो." सहावी वर. सातवी वर.

तो तोंड उघडणार तोच धाकटी सिस्टर स्क्रीनसमोरून उठली. तिनं दुरून टेबलाकडं पाहिलं होतं, एवढंच. कुणी तिला हाक मारली नव्हती. स्क्रीन हिरवा होता. ती सरळ तीन नंबरच्या खुर्चीपाशी गेली. वाचनालयातल्या बाईच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं, आणि ती वाचत असल्यासारखी दिसत होती. पण पान उलटत नव्हतं. तिनं जांभई दिली, मोठी, आणि लगेच दुसरी. धाकटीनं हातानं दाब घेतला आणि ओरडली, "मोठ्या सिस्टर, ऐंशीच्या खाली आहे!" पुढचं सगळं भराभर झालं, आणि कुणीही किंचाळलं नाही. खुर्ची मागं झुकली, पाय वर गेले, पाणी काढणं थांबलं, सलाईन सोडलं. ताईनं तिच्या गालांवर थापट्या मारल्या. "काय हो, कथा रंगात आली का? आमच्याकडं बघा. हं, अशा." बाईच्या ओठांवर सावकाश रंग आला. घड्याळात दहा सोळा झाले होते. साडेदहाला मोजमाप झालं असतं, गरज क्रमांक एकतीसप्रमाणं लाल खूण दिसली असती, घंटा वाजली असती, आणि धावत आलेल्या माणसांना चौदा मिनिटं उशीर झालेला असता.

"तू कशी गेलीस गं तिथं?" ताईनं हात धुताना धाकटीला विचारलं.

"तुम्ही फाइल उलटी ठेवलीत ना."

"मी? कुठं?"

"ही काय. तुम्ही उलटी ठेवली की आम्ही त्या खुर्चीकडं बघून असतो. आधीपासूनच."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

धाकटी गोंधळली. "सांगितलं कोणी नाही. आमच्या आधीच्या सिस्टर जायच्या, म्हणून आम्ही. तुम्हीच तर..."

ताई टेबलाशी येऊन त्या फाइलीकडं पाहत उभी राहिली. ओल्या हातांतून पाणी ठिबकत होतं. मग ती खुर्चीत बसली, वय झालेल्या बाईसारखी. "म्हणजे नजर गेली नाही माझी," ती स्वतःशी म्हणाली. आणि मग त्याला म्हणाली, कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून: "शिंप्याचं झालं ना, तेव्हापासून मला वाटायचं, आपल्याला आता कळत नाही. सकाळी तो आला तेव्हा मला काहीतरी वाटलं होतं रे. वाटलं होतं, आणि तरी आपण काहीच केलं नाही, असं. मी बदलीचा अर्ज दिलाय. खालच्या खिडकीवर, कागदपत्रांच्या. पहिल्या तारखेपासून."

मॅडम अकराच्या आधीच आल्या. हातात निळी फाइल, कानावर पेन. "काय काका, हिरवंगार ना सगळं? कुठं सही करू?" त्यानं खोलीभर पाहिलं. वाचनालयातली बाई पाणी पीत होती. शिंप्याचे डोळे मिटलेले होते, झोपलेल्या माणसाचे मिटतात त्याहून थोडे घट्ट. ताई टेबलाशी बसलेली, उजवा कान त्यांच्याकडं.

"सही करू नका," तो म्हणाला. "यादी अपुरी आहे. ट्रॉली परत आत येणार. सोमवारचं मला विचारू नका."

"काय अपुरं आहे?"

त्यानं सांगितलं. हात, मनगट, उलटी फाइल, फेऱ्या. मॅडम ऐकत गेल्या. त्यांचे डोळे आधी बारीक झाले, मग चमकले. धंदा तो धंदाच. "हे लिहायचं कसं पण? एक खूण देता येईल, सिस्टरनं दाबायची. सोबत कारण निवडायचा कप्पा..."

"कारण नाही. कारण मागितलंत तर हात उठणार नाही."

"काका, कारणाशिवाय नोंद कुणी मंजूर करत नाही."

"मग करू नका. आणि एकतीस नंबरची गरज, जिच्यावर टाळ्या वाजल्या, ती ज्या प्रसंगावरून लिहिली तो प्रसंग मी घडवला होता." आवाज चढला होता, त्याला थांबवता आला नाही. "ताईनं शिंप्याची फाइल उलटी ठेवली होती. मी ती सरळ केली. वहीत लिहिलंय, तुम्हीच तपासलीय ती वही. शिस्त आणावी, असं लिहिलंय. तुम्ही पुढं बरोबरची खूण केलीय."

मॅडमनी कानावरचं पेन काढलं, परत ठेवलं, आणि त्या बाहेर गेल्या. बोळातून ट्रॉलीच्या चाकांचा करकर आवाज आला. त्या स्वतः ढकलत आणत होत्या. सात नंबरच्या खुर्चीत शिंप्यानं डावा हात नळ्या सांभाळत उचलला आणि आपल्या उजव्या हातावर ठेवला. डोळे उघडले नाहीत.

ताई उठली. तिनं त्याला दंडाला धरून कपडे बदलायच्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि लाकडी बाकावर त्याला समोर बसवलं. ती मारेल असं त्याला वाटलं; मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती त्याच्याकडं पाहत होती, चार महिने रोज सकाळी उठून स्वतःला आंधळी म्हणवणाऱ्या बाईचे ते डोळे. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. ती काहीतरी जुळवत होती. उलटं, सरळ. तिचा स्वतःचा हात मांडीवर होता, आणि मनगट अगदी किंचित, तिच्या नकळत, पालथं झालं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्या मनगटाकडं, आणि परत त्याच्याकडं.

"अजून काही?" ती म्हणाली.

आणि गप्प बसली. हे ती त्याच्याकडूनच शिकलेली होती, चार महिन्यांपूर्वी, स्टुलावर वही घेऊन बसलेल्या भावाकडून. तो मनात मोजू लागला. एक. दोन. भिंतीवरच्या खुंट्यांना एप्रन लटकत होते. तीन. आई एक श्वासभर बघत होती, तिला ठाऊक होतं, चार, तिला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. पाच. नाही म्हणता आलं असतं. ताईनं मान वळवून दाराकडं पाहिलं, कुणी येतंय का म्हणून. सहा.

"आई विसरली नव्हती," तो म्हणाला.

"काय?" ताईचा डावा कान त्याच्याकडं होता. तिनं मान वळवली, उजवा कान पुढं केला, आणि त्याला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.